सोबतीला म्हणून गेले आणि छंद लागला. तुमचंही असंच झालंय का?

जीरावण | शनिवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते (आईच्या आयडीवरून, तिला माहीत आहे). आता स्वतःचा आयडी घेतलाय आणि हा पहिलाच धागा. विभाग चुकला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी इंदूरची, राजेंद्रनगरची. वय सतरा, बारावी झाली, आता पुण्याला कॉलेज. होस्टेलच्या फॉर्मवर छंदांचा रकाना होता. त्यात टेबल टेनिस, नाटक, पक्षीनिरीक्षण असं लिहून मी मोकळी झाले. आईने फॉर्म वाचला आणि म्हणाली, "यातलं तुझं स्वतःचं काय गं? एक दादाचं, एक आजीचं, एक मैत्रिणीचं."

बोलली ते खरंच आहे. यातलं काहीच मी होऊन सुरू केलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी मला कुणाच्या तरी सोबतीला धाडलं होतं.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो रेसकोर्स रोडवर अभय प्रशालमध्ये टेबल टेनिस खेळायचा. संध्याकाळी घरी कुणी नसायचं, म्हणून बाबा मलाही त्याच्याबरोबर तिथे सोडून जायचे. माझं काम बॉल वेचायचं. सर बादलीतून एकामागून एक बॉल मारायचे, दादा परतवायचा आणि मी कोपऱ्यांतून, बाकांखालून गोळा करून पुन्हा बादलीत टाकायचे. चेपलेला बॉल गरम पाण्यात टाकला की परत गोल होतो, हे ज्ञान मला तिथेच मिळालं. पुढे दादा एका डावखुऱ्या मुलाकडून सारखा हरायला लागला. डावखुऱ्याची फिरकी सर्व्हिस उजव्या हाताने खेळणाऱ्यांच्या सर्व्हिसच्या उलट्या बाजूला वळते, ती घ्यायची सवय असावी लागते आणि सरावाला डावखुरं कुणी मिळेना. मग घरच्या जेवणाच्या टेबलावर, मध्ये जाळीऐवजी माझी पाठ्यपुस्तकं उभी करून, त्याने माझ्या डाव्या हातात बॅट दिली. मी लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने, पण टेबल टेनिस आजही डाव्यानेच खेळते. उजव्याने येतच नाही! दादा आता बंगळुरूला नोकरी करतो आणि बॅटीला हातही लावत नाही. शाळेच्या टीममध्ये होते ती मी.

नाटकाचं आजीमुळे. इंदूरच्या लोकांना सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी: आमच्याकडे सानंद न्यास मुंबई-पुण्याची नाटकं आणतो आणि शनिवार-रविवार मिळून एकाच नाटकाचे पाच प्रयोग होतात, कारण सभासदच तेवढे आहेत. आजी-आजोबा जोडीने जायचे. आजोबा गेले आणि शेजारची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून आजी मला न्यायला लागली. मी तेव्हा चौथीत. पहिली काही नाटकं मी मध्यंतरातल्या बटाटेवड्यापुरतीच जागी होते. नंतर लक्षात आलं की आजीला डाव्या कानाने नीट ऐकू येत नाही आणि माझी खुर्ची नेमकी डावीकडे. लोक हसले की ती मला कोपराने ढोसायची, "काय म्हणाला?" मग मी तिच्या कानात वाक्य पुन्हा म्हणायचे. ती एक विनोद उशिरा हसायची, सगळं सभागृह गप्प असताना एकटीच आणि मोठ्याने. पुढच्या रांगेतले वळून बघायचे. पण वाक्य पुन्हा सांगायचं तर ते आधी नीट ऐकावं लागतं, आणि नुसते शब्द सांगून विनोद पोचत नाही. नट मध्ये किती थांबला, कुठल्या शब्दावर जोर दिला, तेही कुजबुजत करून दाखवावं लागतं. आजीला हसू आलं तर मी पास. नाटक कसं बघायचं हे मला वेगळं कुणी शिकवलं नाही.

पक्ष्यांचं वेड मैत्रिणीचं. तिला पहाटे सिरपूर तलावावर जायचं असायचं आणि तिच्या अम्मीचा प्रश्न एकच, "साथ में कौन जा रहा है?" साथ में मी. दुर्बीण एकच आणि ती तिच्याकडे, वही माझ्याकडे. ती बघून सांगणार, मी लिहिणार. नुसतं लिहून कंटाळा आला म्हणून समास भरून चित्रं काढायला लागले. हळदी-कुंकू बदकाच्या चोचीच्या टोकाला पिवळं आणि मुळाशी लाल ठिपका असतो, तो रंगवायला स्केचपेन लागलं, मग रंगपेटी लागली. होळकरांच्या वेळचा हा तलाव छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं मागे लागून वाचवला. २०२२ मध्ये तो रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी) गेला, त्या दिवशी मैत्रिणीने मला फोनवर असं ओरडून सांगितलं की बाबांना वाटलं हिचा रिझल्ट लागला. अकरावीला ती कोट्याला गेली. आता वहीही माझ्याकडे आणि दुर्बीणही (उसनी).

आता गंमत बघा. कथक, कीबोर्ड आणि अबॅकस हे क्लास खास माझ्यासाठी, फी भरून, 'हिला आवडेल' म्हणून लावले होते. तिन्ही सुटले.

आईला वाटतं माझं स्वतःचं असं काही नाही. मला त्यात काही वावगं वाटत नाही. तुमचं काय? तुमचे छंद तुमचे तुम्हाला लागले की कुणाच्या मागे मागे जाऊन?

---

तिसरी_घंटा | शनिवार, रात्री ११:१८

काय सुरेख लिहिलं आहेस गं! आजीचं उशिराचं हसू तर डोळ्यांसमोर आलं. आमच्या मागच्या रांगेतही एक आजी असंच हसायच्या, त्या तुझ्याच निघाल्या तर कमाल.

माझे वडील रामूभैया दाते गटाचे सभासद. बाहेरच्यांसाठी सांगते, सानंदच्या प्रयोगांचे काही गट इंदूरच्या मोठ्या माणसांच्या नावाने आहेत. राहुल बारपुते म्हणजे नईदुनिया या हिंदी दैनिकाचे संपादक. रामूभैया म्हणजे गायक अरुण दाते यांचे वडील आणि नामांकित रसिक. लहानपणी मला वाटायचं हे रामूभैया तिकीट तपासायला दारात उभे असतात.

पुलेशु (पुढील लेखनाला शुभेच्छा).

---

जरा_स्पष्ट | रविवार, सकाळी ७:५२

छान लिहिलंय, पण मला एक गोष्ट खटकली. मुलींना सोबत म्हणून पाठवणं यात एवढं गोड काय आहे? माझ्या मोठ्या बहिणीचं अख्खं लहानपण आत्याच्या सोबतीला, काकूच्या सोबतीला, माझ्या सोबतीला यात गेलं. तिला चित्रकलेच्या परीक्षा द्यायच्या होत्या. एलिमेंटरी झाली, इंटरमीजिएटच्या वर्षी आत्याचं बाळंतपण निघालं. तुला त्यातून तीन छंद मिळाले हे तुझं नशीब. तुझी आई जे विचारते आहे ते मला तरी रास्त वाटतं.

---

मांडवीचा_मुलगा | रविवार, सकाळी ९:०५

बडोद्याहून हजेरी. मला नवरात्रात ताईवर लक्ष ठेवायला फाइन आर्ट्सच्या गरब्याला धाडायचे. ताई एकदा गोलात शिरली की दिसायचीच नाही, मग लक्ष कुणावर ठेवणार? मी ढोलवाल्यांजवळ जाऊन उभा राहायचो. एका रात्री त्यातल्या एकाला पाणी प्यायचं होतं, त्याने टिपऱ्या माझ्या हातात दिल्या. तेव्हापासून वाजवतोय. ताईचं लग्न कुणाशी झालं विचारू नका. घरी अजून माझ्यावर राग आहे की मी लक्ष काय ठेवलं!

बाय द वे, इंदूरकरांना ५७७ हा आकडा आठवतो का? ;)

---

चष्मेवाली | रविवार, सकाळी ९:३१

हहपुवा (हसून हसून पुरेवाट). ताईच्या लग्नाचा वेगळा धागा काढा.

---

आण्णा१९५८ | रविवार, सकाळी ११:२०

जीरावण बाळा, आधी शाबासकी घे. मी मूळचा इंदूरचा, आता ठाण्यात.

मांडवीचे चिरंजीव, ५७७ कसा विसरू? १९४६-४७ ची रणजी फायनल, बडोदा विरुद्ध होळकर. विजय हजारे २८८, गुल महंमद ३१९, चौथ्या विकेटची ५७७ धावांची भागी. पण पुढच्याच हंगामात, १९४७-४८ ला, करंडक कुणाकडे होता तेही लिहा की. होळकरांनी रणजी चार वेळा जिंकली आहे, सी. के. नायडूंचा संघ होता तो.

यातलं मी काहीच पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीच होळकर संघ संपला होता. हे सगळं काकांचं. काका रेडिओवर कॉमेंट्री ऐकत स्कोअर लिहायचे. त्यांना मोतीबिंदू झाला तेव्हा पेन्सिल माझ्या हातात आली. ते ऐकायचे, मी लिहायचो. एक चेंडू चुकला की संध्याकाळी गोलंदाजाच्या आणि फलंदाजाच्या बेरजा जुळायच्या नाहीत, आणि बेरीज जुळल्याशिवाय काका जेवायला उठायचे नाहीत. काकू मलाच बोलायची. पुढे बँकेत लागलो तेव्हा दिवसाखेरीस कॅश टॅली करताना साहेब म्हणाले, सवय दिसते. बँकेच्या संघाचा स्कोअरर मीच होतो, रिटायर होईपर्यंत.

काकांनी मला क्रिकेट आवडतं का असं कधी विचारलं नाही. त्यांना डोळे हवे होते.

---

जीरावण | रविवार, दुपारी १:४६

आण्णा, "त्यांना डोळे हवे होते" वाचून थांबलेच. आजीला कान हवा होता, दादाला डावा हात. अबॅकसच्या बाईंना माझी काहीच गरज नव्हती. मी गेले नाही तरी त्यांची बॅच भरलेली.

जरा_स्पष्ट, तुमचा मुद्दा मी आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, या बाईंना माझा नमस्कार सांग. तुमच्या ताईंच्या परीक्षेचं वाचून वाईट वाटलं. फरक एवढाच सांगेन की आमच्याकडे दादालाही माझ्या सोबतीला पाठवायचे, कथकच्या क्लासला. तो तासभर बाहेर बसायचा. त्याला कथकचा छंद काही लागला नाही, समोरच्या कचोरीच्या दुकानाचा लागला. आणि माझी परीक्षा असली की आजी एकटी जायची, मला कुणी अडवून धरलं नाही. तसं झालं असतं तर मीही हा धागा वेगळ्या सुरात काढला असता.

---

जरा_स्पष्ट | रविवार, दुपारी २:१०

बाई नाही, बुवा आहे. :) पण नमस्कार पोचला. परीक्षेला कुणी अडवलं नाही, सगळं त्यात आलं. मुद्दा मान्य.

---

मिल_एरिया | रविवार, दुपारी ४:३३

सध्या मुक्काम नाशिक. इंदूरचा धागा आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांचा (मिरवणुकीतल्या हलत्या देखाव्यांच्या रथांचा) विषय नाही म्हणजे काय? मीच काढतो.

आजोबा हुकुमचंद मिलमध्ये. मिल १९९१ ला बंद पडली, झांकी बंद नाही पडली. कामगार वर्गणी काढून, कुठून कुठून मदत गोळा करून दर वर्षी रथ उभा करायचे. एकीकडे थकलेल्या पैशांची केस चाललेली आणि दुसरीकडे रात्र रात्र जागून हनुमानाच्या हातात पर्वत बसवताहेत! वडील तिथे वायरिंग बघायचे. मी टॉर्च धरायला.

ज्यांनी झांकी फक्त रस्त्यावरून जाताना पाहिली त्यांना खालची दुनिया माहीत नसते. वर राक्षस तोंड उघडतो-मिटतो, आणि खाली सायकलची रिम, पट्टा, जुनी मोटर आणि रिमला एका बाजूला ठोकलेला लाकडी दांडका. रिम फिरते, दांडका वर-खाली होतो, जबडा हलतो. मी पालथा पडून टॉर्च धरायचो आणि वडील तारा जोडायचे. टॉर्च हलली की शिवी. जरा मोठा झाल्यावर वडिलांना वाकवेना, मग टॉर्च त्यांच्या हातात आणि पक्कड माझ्या. शिव्या मात्र तेच देत राहिले. आज मी ऑटोमेशनचं काम करतो, सगळं सेन्सर आणि पीएलसी (मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर). पण मशीन अडली की आधी खाली घुसून बघायची सवय तिथलीच.

थकलेले पैसे शेवटी डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झाले, २२४ कोटी, सुमारे ४,८०० कामगारांचे. आजोबा तोवर नव्हते. आजीला मिळाले.

---

तिसरी_घंटा | रविवार, संध्याकाळी ५:०२

मिल_एरिया, यावर सविस्तर लेख येऊ द्या. झांक्या लहानपणी रात्रभर जागून पाहिल्या, पण खाली कुणी पालथं पडलेलं असतं हे डोक्यातच आलं नव्हतं.

---

लष्कर_एक्सप्रेस | रविवार, रात्री ८:१५

मी ग्वाल्हेरचा, वय १९, म्हणजे धागाकर्तीच्या बरोबरीचाच. माझा छंद रेल्वे. आमच्याकडे ग्वाल्हेर ते श्योपूर दोन फुटी रुळांवरची छोटी गाडी होती, जवळजवळ २०० किलोमीटर. माझ्या आजोबांचं सबलगढला थोडं शेत होतं. महिन्या-दोन महिन्यांनी ते जायचे आणि पिशव्या धरायला मी. गाडी इतकी हळू की माणसं उतरून, काम उरकून परत चढायची. टपावर तर जत्राच. आजोबा डब्यात डुलक्या काढायचे आणि स्टेशन आलं की उठवायचं माझ्याकडे. झोप लागू नये म्हणून मी पाट्या वाचायचो, क्रॉसिंगला कुठली गाडी किती थांबते ते लिहायचो. २०२० च्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा गाडी थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेज होतंय. माझ्याकडे तिकिटं आहेत, वेळांच्या वह्या आहेत. आजोबांनी एकदा विचारलं, "या वह्यांचं करणार काय?" मी म्हटलं माहीत नाही. म्हणाले, बरं.

जीरावण, पुण्याला आलीस की सांग. मीही तिथेच आहे. इथे लेफ्टी कमी पडतात, आमच्या होस्टेलला टेबल आहे पण जाळी नाही. पाठ्यपुस्तकं आण.

---

खमंग_काकू | रविवार, रात्री ९:४०

लेखन आवडलं. पण मला एक विचारायचं आहे. माझा मुलगा चौदा वर्षांचा, एकुलता एक. शाळा आणि मोबाइल, तिसरं काही नाही. गिटार लावून पाहिली, स्विमिंग लावून पाहिलं. भाऊ-बहीण नाही, सोसायटीत त्याच्या वयाचं कुणी नाही. त्याला कुणाच्या सोबतीला पाठवू? घरात सासरे आहेत, पण दोघांचं एका वाक्यापुढे बोलणं जात नाही.

---

आण्णा१९५८ | रविवार, रात्री १०:०३

सासऱ्यांना बँकेत, पेन्शनच्या कामाला, दातांच्या डॉक्टरकडे जावं लागत असेल. तिथे पाठवा. छंदबिंद शब्द काढूच नका.

---

जीरावण | रविवार, रात्री १०:२२

आण्णांना अनुमोदन. "आजोबांबरोबर जा, तुला मजा येईल" असं अजिबात सांगू नका काकू. आम्हाला लगेच वास येतो. "त्यांना एकट्याने जमत नाही, तू जा" असं सांगा, आणि ते खरं असू द्या. आणि जमलं तर तुम्ही बरोबर जाऊ नका. आई बरोबर असली की काम तीच करते.

कुरकुर करेल. मीही करायचे. सिरपूरला थंडीत पहाटे पाचला उठून जायचं म्हणजे मी मैत्रिणीला रस्ताभर बोलायचे. तिने कधी मनावर घेतलं नाही.

लष्कर_एक्सप्रेस, जाळी मी आणते. पण सर्व्हिस घेता आली नाही तर रडायचं नाही.

---

दोन_चहा_एक_कट | सोमवार, सकाळी ८:४७

सगळ्यांनी इतकं गोड लिहिलंय म्हणून विरुद्ध मत नोंदवतो. मला जे लागलं ते सगळे घरातून बाहेर गेल्यावर लागलं. चाळीत दोन खोल्यांत सात माणसं. वाचायचो ते माळ्यावर बसून, कारण तिथे कुणी यायचं नाही. आजही ट्रेकला एकटा जातो. सोबत नको म्हणूनच छंद. असेही लोक असतात, एवढंच.

---

जीरावण | सोमवार, दुपारी ३:१५

असणारच. आमच्या घरात बाबा तसेच आहेत. रविवारी गच्चीवर एकटे बसून जुनी घड्याळं उघडतात. कुणी वर गेलं की खाली येतात. त्यांच्या सोबतीला मला कधी कुणी पाठवलं नाही, आणि त्यांना डावा हात, कान असं काही लागतही नाही. त्यांच्याबद्दल मला खरं तर कमी माहिती आहे. तुमची प्रतिक्रिया वाचेपर्यंत हे डोक्यात आलं नव्हतं. वर जाऊन विचारणार नाही, त्यांना आवडणार नाही. पुण्याला जाताना एक बंद पडलेलं घड्याळ मागून नेईन म्हणते.

---

खमंग_काकू | पुढचा रविवार, दुपारी १२:३०

अपडेट देते. मुलाला सासऱ्यांबरोबर पेन्शनच्या कामाला पाठवलं. तिथे रांग लांबलचक. आजोबांना बसायला जागा मिळाली, हा शेजारी उभा. वेळ जाईना म्हणून त्याने मोबाइलवर बुद्धिबळ काढलं. आजोबा मान वाकडी करून बघत होते, म्हणाले, "घोडा कशाला दिलास?" सासरे बुद्धिबळ खेळतात हे मला लग्नाला सतरा वर्षं होऊनही माहीत नव्हतं!

छंद वगैरे काय ते पुढे बघू. सध्या सासऱ्यांच्या फोनवरही ते अ‍ॅप आलंय. एक आतल्या खोलीत, एक बाहेरच्या, आणि दोघंही जेवायला हाक मारली की "एक मिनिट" म्हणतात. आधी एकच होता.

---

चष्मेवाली | पुढचा रविवार, दुपारी १२:४१

हहपुवा!! काकू, आता सासूबाईंना कुणाच्या सोबतीला पाठवायचं याचा धागा काढा.